बावीस घरची पोळी

फुलंब्रीपासून वेरूळपर्यंत कुठंही जनावर फुगलं, की कडूबा गाडेकरच्या दारात मोटारसायकल येऊन थांबायची. चालवणारा गाडी बंदसुद्धा करायचा नाही. "मामा, बसा," एवढंच. कडूबा मागं बसायचा. काखेत बांबूचं नळकांडं, खिशात ओव्याची पुडी, आणि गोडेतेल ज्याचं जनावर त्याच्या घरचं. गोठ्यात गेला की आधी तो म्हशीच्या डाव्या कुशीला कान लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, गाणं ऐकतोय. मग हळूच म्हणायचा, "काल काय चारलं हो हिला? खरं सांगा. ही सांगायलीय, पर मला तुमच्या तोंडून पाहिजे."

सरकारी डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा. तोवर म्हैस उभी राहून रवंथ करत असायची. डॉक्टर तिला एक सुई टोचून जायचा. त्यानं म्हशीचं काही बिघडायचं नाही आणि डॉक्टरचंही येणं फुकट जायचं नाही.

कडूबा सातवीपर्यंत शिकला होता. त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात अजून दोन मतं होती. पण पोट या विषयात त्याला कुणी मागं टाकू शकत नव्हतं. "माणसाच्या पोटाचं आपल्याला नाय कळत," तो म्हणायचा. "माणूस खाऊन नाय म्हणतो आन् न खाता ढेकर देतो. जनावराचं पोट खोटं बोलत नाय."

त्याची बायको भागूबाई चुलीपुढं बसून खोकत खोकत म्हणायची, "व्हय, म्हशीचं पोट कळतं. बायकोचा खोकला तेवढा नाय ऐकू येत."

खोकला त्याला ऐकू यायचा. चुलीला तो तरी काय करणार? सरकारनं दिलेलं सिलिंडर घरात होतं. ते एकदा संपलं आणि परत भरून आणणं कधी जमलं नाही. आता त्यावर पाण्याची घागर ठेवलेली असायची. वस्तीवर बावीस घरं आणि बावीस घरांत अशा बावीस घागरी. शेजारच्या आशाबाईच्या सिलिंडरवर तर मांजर व्यालेली होती.

तर अशा या गाडेकर वस्तीच्या वरच्या अंगाला गायरान होतं, आणि त्या गायरानावर पुण्याच्या एका कंपनीचा डोळा गेला. कंपनीला गवताचा कारखाना काढायचा होता. गवत आपोआप येतं, त्याला कारखाना कशाला, असं पहिल्या दिवशी सगळ्या वस्तीनं विचारलं. उत्तर द्यायला कंपनीनं तात्यासाहेबांना पाठवलं. नाव तात्यासाहेब, वय एकतीस, डोळ्यांवर काळा चष्मा. वैजापूरकडचा शेतकऱ्याचाच मुलगा, शहरात इंजिनिअर झालेला. आजोबांचं नाव ठेवलं होतं म्हणे. त्यामुळं गावातले सत्तरीचे म्हातारेही त्याला "तात्यासाहेब, बसा" म्हणायचे आणि मग स्वतःच गालात हसायचे.

तात्यासाहेबांनी ग्रामसभेत समजावलं. शेतकऱ्यांकडून हत्ती गवत घ्यायचं, कुट्टी करायची, उसासारखं पिळायचं. हिरवा रस निघतो, तो तापवला की दुधासारखा फाटतो. वरचा चोथा सुकवून कोंबड्यांचं खाद्य, तो कंपनीचा खरा माल. खाली राहतं ते तपकिरी, गोडसर पाणी आणि पिळलेल्या गवताचा भुगा. ते सगळं एका मोठ्या बंद टाकीत टाकायचं. टाकीत ते कुजतं आणि त्याचा गॅस होतो.

"आन् आमच्या गुरांनी काय खायचं?" मागून मनकर्णाबाई ओरडली. मनकर्णाबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी बाई. तिला सगळे काकू म्हणायचे आणि तिला सगळे भ्यायचे.

"काकू, गायरानाच्या बदल्यात बावीस घरांना गॅसची लाइन. चुलीपर्यंत पाइप. कायमचा," तात्यासाहेब म्हणाले. "गॅस आधी वस्तीला, उरला तर कंपनीला."

वस्तीचा विश्वास बसेना. तेव्हा कडूबानं टाकीचा नकाशा मागून घेतला. उलटा धरला, मग सुलटा धरला. एक तोंड, एक मोठं पोट, मागून शेण बाहेर, वरून वायू. आत जे जंतू लागतात ते गाईच्या शेणातूनच आणायचे, असं तात्यासाहेब सांगत होते.

"अहो, ही तं म्हैस हाय!" कडूबा म्हणाला.

सभा हसली. पण कडूबा हसत नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यंत्र असतं तं मी गप बसलो असतो. हे पोट हाय. पोटाचं मला कळतं. मी सांगतो, गॅस येईल. तुमच्या चुलीपर्यंत आणायचं माझ्यावर. माझा शब्द."

कडूबाचा शब्द म्हटल्यावर हात वर झाले. गायरान गेलं.

टाकी उभी राहिली दोन लाख लिटरची. वर काळ्या रबराचा फुगा. जिल्ह्याच्या नावाच्या पाट्या बदलल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, तरी रंगाऱ्यानं सवयीनं फाटकावर जुनंच नाव लिहिलं आणि मग शिडी परत लावून नवं लिहिलं. तात्यासाहेबांनी टाकी सांभाळायला कडूबाला ठेवून घेतलं. हुद्दा "डायजेस्टर ऑपरेटर". भागूबाईला हा शब्द म्हणता आला नाही, पण तो ओळखपत्रावर होता आणि ते ओळखपत्र ती आल्यागेल्याला दाखवायची.

पाइप टाकायला शहरातल्या छावणीतून फारूख आला. वेल्डर, अंगानं काटकुळा, तोंडानं दहा माणसांचा. पहिल्या दिवशी त्यानं कडूबाला टाकीच्या पत्र्याला कान लावून उभा बघितला आणि विचारलं, "क्या मामू, टाकी से क्या खुसुरफुसुर चल रई?"

"रवंथ करायलीय," कडूबा म्हणाला. "ये, ऐक."

फारूखनं कान लावला. आतून खरंच गुरगुर गुरगुर चालली होती. तो दचकून मागं झाला. "अल्ला! ये तो जिंदा है." त्या दिवसापासून तोही तिला म्हैस म्हणू लागला. पाइपांना लावायचा पिवळा रंग उरला, तेव्हा त्यानं टाकीच्या पोटावर दोन शिंगं काढून दिली. "अब पूरी हो गई," म्हणाला.

तात्यासाहेबांनी शिकवलं तसं कडूबानं तिला खायला घातलं. पहिला महिना नुसता शेणकाला. मग चिमूटचिमूट भुगा. मग तपकिरी पाणी, दिवसाला पाच ड्रम, आठवड्यानं दहा, असं करत दोन महिन्यांनी पंचवीस. तात्यासाहेबांकडं आंबटपणा मोजायचं एक यंत्र होतं. त्यावर आकडा यायच्या आधी कडूबा नळातून ओंजळभर काला घ्यायचा, नाकाला लावायचा आणि सांगायचा, "आज बरी हाय," किंवा "आज चारा कमी टाका, जीभ जड झालीय तिची." आकडा मागाहून तेच सांगायचा. तात्यासाहेब चष्मा काढून त्याच्याकडं बघायचे. चांगला माणूस होता तो तेव्हा. जेवणाचा डबा कडूबाबरोबर खायचा आणि भागूबाईच्या ठेच्यानं नाक पुसत पुसत म्हणायचा, "मामा, तुम्ही नसता तर मला हे झेपलं नसतं."

पोळ्याच्या आधी चार दिवस पाइप बावीस घरांपर्यंत पोचले. शेगड्या बसल्या. गॅस सोडायचा तो मात्र उद्घाटनाच्या दिवशी, पोळ्यानंतर पाचव्या दिवशी, कारण मोठे पाहुणे यायचे होते.

आणि मध्ये पोळा आला.

मनकर्णाबाईनंच काढलं. "ज्याच्या जिवावर आपण खातो त्याला पोळ्याला जेवू घालतो का नाय? मंग हिच्या जिवावर उद्या बावीस चुली पेटणार. हिला उपाशी ठेवायचं व्हय?" कुणाला हे हसण्यावारी नेता आलं नाही. आदल्या दिवशी बायकांनी टाकीच्या शिडीला हळद-तूप लावलं आणि बैलाच्या कानात सांगतात तसं पत्र्याला तोंड लावून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. पोळ्याला बावीस घरांतून बावीस ताटल्या आल्या. प्रत्येकीत एक पुरणपोळी, वर तुपाची धार.

कडूबा पेचात पडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किती बैल फुगतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लाडानं सहा-सहा पोळ्या चारायच्या आणि सकाळी मोटारसायकल घेऊन दारात यायचं. त्यानं बायकांना सांगितलं, "हिला पुरण सोसत नाय. मान राखतो." आणि त्यानं प्रत्येक पोळीचा एक कोपरा मोडला, बोटाच्या पेराएवढा. बावीस कोपरे. मूठही भरली नाही. ती मूठ त्यानं टाकीच्या तोंडात टाकली, हात जोडले आणि बाकीच्या पोळ्या बायकांनी, फारूखनं आणि फाटकावरचा वॉचमन फकिरा, यांनी मिळून संपवल्या. तात्यासाहेबांनी दोन खाल्ल्या. फोटोही काढला.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला आणि तात्यासाहेबांचा चेहरा बदलला. पाहुण्यांसमोर मोठी ज्वाला दिसली पाहिजे. नुसती बावीस शेगड्यांची फुसफूस नको. पुरुषभर उंच ज्वाला, कॅमेऱ्यात मावेल न मावेल अशी.

"तपकिरी पाण्याचा पंप चालू करा," ते कडूबाला म्हणाले. "बंद करायचं मी सांगेन."

"किती ड्रम?"

"ड्रम मोजायचे नाहीत."

कडूबाला वाटलं, साहेबांची चूक होतेय. "तात्यासाहेब, ते पाणी गोड हाय. ज्वारीच्या राशीत तोंड घातल्यावानी व्हईल. दोन दिस टम्म फुगल, लई गॅस देईल. तिसऱ्या दिशी आडवी पडल."

तात्यासाहेबांनी चष्मा पुसला. कडूबाकडं बघितलं नाही. "मला दोनच दिवस पाहिजेत, मामा," ते म्हणाले.

पंप दीड दिवस चालला. फुगा असा ताणला की फारूखनं काढलेली शिंगं त्याच्यापुढं वासराची वाटायला लागली. कडूबा कान लावून बसला होता. आतली गुरगुर थांबली होती. त्याऐवजी खदखद ऐकू येत होती, उकळत्या काहिलीसारखी. त्यानं तीनदा पंपाच्या खटक्याला हात लावला आणि तीनदा मागं घेतला. खटका दाबला तर नोकरी जाईल, हे खरं; पण त्याला भीती नोकरीची नव्हती. उद्घाटन मोडलं तर कंपनी निघून जाईल आणि लाइन राहील मातीत. शब्द त्यानं दिला होता.

उद्घाटन झकास झालं. ज्वाला पुरुषभर काय, दीड पुरुष उठली. पाहुण्यांनी दोन पावलं मागं घेत टाळ्या वाजवल्या. भागूबाईला मंचावर बोलावून नव्या शेगडीवर चहा करायला लावला. तिनं पाहुण्यांच्या चहात आपल्या हिशेबानं साखर घातली, म्हणजे चमचा उभा राहील इतकी. पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि कप हातातच धरून भाषण केलं. त्या दिवशी संध्याकाळी बावीस घरांत निळ्या जाळावर भाकरी झाल्या. भागूबाईनं तव्याखाली वाकून वाकून बघितलं. धूर नाही, काजळी नाही. ती खोकलीच नाही. जेवताना म्हणाली, "तुमचा शब्द खरा झाला बरं का," आणि एवढं बोलून लाजली. लग्नाला तीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळ पिवळा पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी फडफडला आणि विझला. टाकीच्या नळातून कडूबानं ओंजळ भरून घेतली आणि नाकाला न लावताच खाली सांडली. आंबलेल्या चिंचेच्या पाण्यासारखा वास दहा हातांवरून येत होता. पत्र्याला कान लावला. आत काहीच नव्हतं.

पुण्याहून दोन माणसं चौकशीला आली. टाकीत कुणी काही टाकलं का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. कडूबाला विचारलं, तेव्हा तो खोटं कशाला बोलेल?

"टाकलं ना. पोळ्याचा निवद."

"किती?"

"बावीस घरची पोळी व्हती."

त्यातल्या एकानं लिहून घेतलं: बावीस कुटुंबांचा स्वयंपाक. कडूबा म्हणाला, "अहो, तसं नाय, कोपरा कोपरा." पण तोवर पान उलटलं होतं. पंपाचं त्यांनी विचारलं नाही आणि तात्यासाहेबांनी सांगितलं नाही.

मग तात्यासाहेबांनी कडूबाला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. स्थानिक लोकांनी धार्मिक विधीच्या नावाखाली मोठ्या प्रमाणात खाद्यपदार्थ टाकल्यामुळं टाकी निकामी झाली, हे मी पाहिलं आहे. खाली कडूबाचं नाव.

"मामा, बसा." आवाज बसलेला होता. "हे असं गेलं तर प्रकल्प वाचतो. अपघात म्हणतात याला. नाहीतर पुणेवाले सगळं बंद करून जातील. तुम्ही सही करा. टाकी परत चालू झाली की पहिल्यांदा वस्तीची लाइन सोडतो. माझा शब्द."

कडूबा कागद घेऊन बाहेर आला. फारूख पाइप कापत होता. त्यानं कागद वाचला आणि मशीन बंद केलं.

"मामू, इसपे हात मत लगाव. पोली ने मारी बोले तो दुनिया हँसेंगी."

"हसू दे की. गॅस तं येईल."

"उन्हों लाइन देते बोलके कागज में लिखे क्या?"

"तोंडानं बोलले."

"तुमारा म्हैस का पेट झूठ नई बोलता," फारूख म्हणाला. "ये म्हैस नई है, मामू. ये तात्यासाहब है."

कडूबानं सही केली. शब्द देणाऱ्या माणसाला दुसऱ्याचाही शब्द खराच वाटतो. शिवाय तीच पोळी त्या माणसानंही खाल्ली होती.

आता वस्तीला सांगायचं काय? कागदात एक आणि बाहेर एक बोलला तर साहेब सही फाडतील आणि लाइनही. म्हणून कडूबा गप्प राहिला. चार दिवसांनी मनकर्णाबाई त्याच्या ओट्यावर आली. बसली नाही. नेहमीचा कडक आवाज नव्हता.

"कडूबा, खरं सांग. फाटकावरचा फकिरा म्हनतो, आपल्या पोळ्यांनी मेली ती."

कडूबा दोरी वळत होता. वळत राहिला.

"माझ्या पोळीत गूळ जास्त झाला व्हता का रे? मला दिसत नाय आताशा. हाताच्या अंदाजानं घालते."

भागूबाई आतून बघत होती. तिला सगळं माहीत होतं. कडूबानं मान वर केली नाही. "काय की काकू," तो म्हणाला. "मुक्या पोटाचं काय सांगावं."

म्हातारीनं पदर सावरला. मग म्हणाली, "बावीस घरचा घास गेला माझ्यामुळं. म्याच काढलं व्हतं निवदाचं," आणि गेली. त्या दिवाळीत तिनं घरात गोड केलं नाही. सून करायला बसली तर म्हणाली, गुळाच्या डब्याला माझ्यासमोर हात लावू नको.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र ग्रामपंचायतीत आलं. टाकीजवळ स्थानिकांचा वावर धोकादायक असल्याचं खुद्द वस्तीतल्या कर्मचाऱ्याच्या लेखी जबाबावरून दिसतं. सबब वस्तीची गॅस लाइन सुरक्षेसाठी कायमची बंद. सोबत जबाबाची प्रत जोडली होती. खाली कडूबाची सही, सातवीतल्या अक्षरात, वळणदार.

पाइप काढायला दुसरा कुणीतरी वेल्डर आला. फारूखनं ते काम घेतलं नाही. तात्यासाहेबांची नागपूरकडं बढतीवर बदली झाली. जाताना ते वस्तीवर आले नाहीत. फोन केला तर "मामा, मी प्रयत्न केला," म्हणाले. कदाचित केलाही असेल. कडूबाचं ओळखपत्र फकिरानं फाटकावर काढून घेतलं, आणि "वरून सांगितलंय, मला काय," म्हणाला.

मग कडूबानं खरं सांगायला तोंड उघडलं. पंपाचं सांगितलं, दीड दिवसाचं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि सहीची प्रत पुढं केली. "मंग हे कुणी केलं? आमच्या बायांच्या हातच्या पोळीला इख म्हनून लिवून देताना हात नाय कापला?" मनकर्णाबाई तर ऐकायलाच आली नाही. तिला वाटत होतं, कडूबा तिचं पाप झाकायला आता गोष्ट रचतोय. एवढ्यावरही ती म्हणायची, "पोरगं भलं हाय, माझ्यापायी खोटं बोलतंय." हे कडूबाच्या कानावर आलं, तेव्हा तो जेवणावरून उठला. शिव्या त्याला चालल्या असत्या.

मोटारसायकली येणंही कमी झालं. ज्याच्या सहीनं म्हैस मेली त्याला दुसऱ्या म्हशीसाठी कोण बोलावणार?

संक्रांत झाली आणि एक दिवस कारखान्याचा नवा साहेब स्वतः चालत कडूबाच्या दारात आला. टाकी चार महिने मेलेली पडून होती. बाहेरून तज्ज्ञ आणून झाले होते. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, वस्तीत एक माणूस आहे.

भागूबाईनं दार लोटून घ्यायला हात लावला. "जायचं नाय तिथं," ती म्हणाली. आणि मग खोकली.

"लाइनचं काय?" कडूबानं साहेबाला विचारलं.

"ते माझ्या हातात नाही. आता सगळा गॅस दाबून सिलिंडरांत भरायचा, वाळूजच्या कारखान्यांना पाठवायचा, असं ठरलंय."

कडूबानं भागूबाईच्या चुलीकडं बघितलं. मग म्हणाला, "येतो. पर ती उठली, की मनकर्णाबाई नावाच्या एका म्हातारीला फाटकाच्या आत येऊ द्यायचं. जाळ बघायला. बस."

साहेबाला हे फारच स्वस्त वाटलं. तो हो म्हणाला.

कडूबानं टाकीला आधी उपास घडवला. मग चुन्याची निवळी. मग शेणकाला. वस्तीनं शेण दिलं नाही. गायरान गेल्यापासून जनावरं विकून विकून तशीही चार-पाचच उरली होती. फारूख छावणीतल्या एका तबेल्यातून टेम्पोनं शेण आणायचा आणि उतरवताना म्हणायचा, "मामू, मेरे टेम्पो में अब कोई बैठता नई. तुमारा एहसान है." कडूबा रोज सकाळी कान लावायचा. वीस दिवस काही नाही. पंचविसाव्या दिवशी आत एकदाच काहीतरी हललं, झोपेत कूस बदलावी तसं. त्यानं फारूखला हाताला धरून ओढत आणलं आणि त्याचा कान पत्र्याला लावला.

होळीच्या आधी गॅस आला. कडूबा मनकर्णाबाईकडं गेला. तिची सून दारातूनच नाही म्हणाली. म्हातारी आतून काठी घेऊन निघाली.

टाकीच्या शेजारी तपासणीची एक लहान शेगडी होती. कडूबानं काडी ओढली. जाळ उठला, निळा, सरळ. मनकर्णाबाईला लांबचं दिसत नव्हतं. तिनं वाकून अगदी जवळून बघितलं, मग तळहात धरून ऊब बघितली.

"उठली की रे," ती म्हणाली. तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या. "मंग माझी पोळी नव्हती?"

"नव्हती, काकू. बोटाच्या पेराएवढा कोपरा टाकला व्हता म्या. त्यानं मुंगी नाय मरत."

"कोण मंग?"

कडूबानं सांगितलं. पंप, दीड दिवस, ज्वाला, कागद. या वेळी तिनं सगळं ऐकलं. जाळावरचा हात काढला नाही.

"म्हंजी म्या तुझ्या ओट्यावर आले तवा तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"गुळाचं विचारलं तवा?"

"व्हय, काकू. मला वाटलं, गप राहिलो तं गॅस येईल. वस्तीसाठी..."

"सहा महिने रे," ती म्हणाली. ओरडली असती तर कडूबाला बरं वाटलं असतं. "सहा महिने म्या देवापुढं नाक घासलं. आन् तू दोरी वळत बसला."

तिनं हात पदराला पुसला. बाहेर भरलेल्या सिलिंडरांचा ट्रक वाळूजला निघण्यासाठी चालू करून ठेवला होता. फाटकाशी फकिरानं वही पुढं केली आणि अदबीनं म्हणाला, "आजी, बाहेर जाताना अंगठा द्यावा लागतो."

"माझा कशाला?" मनकर्णाबाई म्हणाली. "वस्तीच्या नावानं सही कराया ठेवलाय ना तुम्ही एक. त्याची घ्या."

फकिरा वही घेऊन कडूबाकडं वळला. म्हातारी उतार उतरत होती. कडूबा तिला हात द्यायला दोन पावलं पुढं गेला, आणि तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली, त्याच्या बाजूच्या.